गावच्या मैदानावरून भारतीय संघापर्यंत : आशा ठेवावी ती कशाच्या आधारावर?

काळी_माती (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) यांचा प्रश्न

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि लहानपणापासून भारतीय संघाचा चाहता आहे. गेल्या दीड-दोन वर्षांत या संघाने जे सुख दिले आणि जे दुःख दिले, त्यांचा मेळ मला घालता येत नाही, म्हणून हा विषय येथे मांडतो आहे.

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये आपण सात धावांनी ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला, ९ मार्च २०२५ रोजी दुबईत चॅम्पियन्स करंडक जिंकला आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक उचलला. त्या रात्री आमच्या गावात बारा वाजून गेल्यावरही कोणी झोपले नव्हते. मात्र याच काळात कसोटीत आपण मायदेशातच न्यूझीलंडकडून ०-३ आणि दक्षिण आफ्रिकेकडून ०-२ असे हरलो. गुवाहाटीचा पराभव तर ४०८ धावांचा होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, आपल्याच पिचवर आपल्याले स्पिन खेळता नाही येत का जी?" मला त्याला नीट उत्तर देता आले नाही, आणि ती गोष्ट अजून मनात सलते आहे.

दुसरा प्रश्न घरचा आहे. माझा पुतण्या चौदा वर्षांचा आहे. आमच्या गावाला ई-क्लास (सरकारी चराईच्या) जमिनीवर एक मोकळे मैदान आहे. सोयाबीन निघाले की मुले तेथे टेनिस बॉलवर खेळू लागतात आणि पेरणीपर्यंत खेळत राहतात. हा मुलगा विशी-पंचविशीतल्या फलंदाजांना सरळ चेंडूवर त्रिफळाचीत करतो. आसपासच्या गावांचे संघ त्याला आपल्याकडून खेळायला बोलावतात. परवा कापूस वेचून आल्यावर माझे थोरले बंधू ओसरीवर बसले आणि म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तूच सांग. पोराच्या अंगात खरंच काही आहे, की आपण टीव्ही पाहून भुललो?" घरी अडीच एकर कोरडवाहू जमीन आहे. चूक परवडणारी नाही.

भारतीय संघाकडून आपण जी आशा ठेवतो आणि आपल्या गावातल्या मुलाकडून जी आशा ठेवतो, त्या दोन्ही आशांना काही आधार आहे का? ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वर्धाकाठ

सर, तुमच्या थोरल्या बंधूंचा प्रश्न फार प्रामाणिक आहे. मी एवढेच सांगेन की, आपल्या भागातला मुलगा तेथवर पोहोचतच नाही, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. आमच्या वर्ध्याच्या दर्शन नळकांडे याने नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध सलग चार चेंडूंवर चार गडी बाद केले. विदर्भ तो सामना थोडक्यात हरला, पण ते षटक येथील मुलांना आजही तोंडपाठ आहे. तुमच्याच जिल्ह्यातला अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. त्याच स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, आणि दोन गडी बाद केले. एकही धाव न देता चार षटके पूर्ण करणे ट्वेंटी-२० मध्ये किती कठीण आहे, हे येथे सांगण्याची गरज नाही.

जुना_गोलंदाज (अचलपूर)

सर, मी स्वतः जिल्हा पातळीपर्यंत वेगवान गोलंदाजी केली आहे आणि आता सुट्टीच्या दिवशी मुलांना शिकवतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

उमेश यादवचे उदाहरण प्रत्येक जण देतो, आणि ते द्यायलाच हवे. खापरखेड्याजवळच्या वलनी येथील कोळसा खाणीत वडील कामाला, मुलगा विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलवरच खेळलेला. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने विदर्भाकडून रणजी पदार्पण केले आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये तो दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळत होता. पुढे ५७ कसोटींत १७० बळी आणि २०१५ च्या विश्वचषकात १८ बळी, म्हणजे त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक. ही गोष्ट ऐकून आपण सगळे हरखून जातो. परंतु तिच्यातला धोका असा की, लेदर बॉल उशिरा हातात आला तरी चालते, असे पालकांना वाटू लागते. तसे नाही. उमेशला ते साधले, कारण त्याच्या अंगातला वेग आणि शरीराची ताकद असामान्य होती. बाकीच्या शंभर मुलांची तीच तीन-चार वर्षे सवयी मोडण्यात जातात.

टेनिस बॉल हलका असतो, त्यामुळे मुलगा तो खांद्याच्या झटक्याने आपटतो किंवा सरळ यॉर्कर टाकतो. त्यात मनगटाचे काम फारसे नसते. लेदर बॉल सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याला शिवण असते. तर्जनी आणि मधले बोट शिवणीच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर, मनगट मागे आणि सरळ, ही पकड अंगवळणी पडेपर्यंत चेंडू हवेत डळमळतो आणि टप्पा पडल्यावर निमूट सरळ जातो. मी सतराव्या वर्षी पहिल्यांदा लेदर बॉल नियमित टाकू लागलो, तेव्हा आठवड्याभरात तर्जनीच्या टोकाचे कातडे सोलून निघाले. आई रोज रात्री त्यावर हळद आणि तेल लावायची. माझे शिक्षक मला डोळे मिटून चेंडू हातात फिरवायला लावत आणि केवळ स्पर्शाने शिवण शोधायला सांगत. महिनाभराने ते बोटांना आपोआप समजू लागले.

तुमच्या पुतण्यासाठी एक सोपा उपाय सांगतो. जुना लेदर बॉल मिळवा. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतो तो पांढरा ऑइलपेंट शिवणीच्या एका बाजूला पूर्ण लावा आणि वाळू द्या. मुलगा चेंडू टाकत असताना तुम्ही यष्टींच्या मागे उभे राहा. हवेत लाल आणि पांढरा भाग वेगवेगळा दिसला, तर शिवण उभी आहे. सगळा चेंडू गुलाबीसर दिसला, तर मनगट कलते आहे. बाकी कोणाला काही विचारण्याची गरज नाही, चेंडूच सांगतो. सहा महिने हे करून पाहा आणि मग बंधूंना उत्तर द्या.

आणि कृपया त्याला रविवारी चार-चार सामने खेळायला पाठवू नका. आपल्याकडे आमदार चषक, सरपंच चषक अशा स्पर्धांत बक्षिसाच्या रकमेसाठी मोठी मुले लहान गोलंदाजाला दिवसभर राबवून घेतात. वाढीच्या वयात पाठीच्या खालच्या मणक्यांना बारीक तडे जातात आणि त्याचा हिशेब पुढे चुकवावा लागतो. माझ्या ओळखीचे दोन चांगले मुलगे असेच संपले.

शेवटची गोष्ट कागदपत्रांची. वयोगटाच्या स्पर्धांत, म्हणजे सोळा, एकोणीस, तेवीस वर्षांखालील गटांत जन्माचा दाखला काटेकोर तपासतात, आणि सोळा वर्षांखालील मुलांच्या हाडांच्या वयाचीही तपासणी होते. माझ्या बाबतीत शाळेच्या दाखल्यावर एक तारीख होती आणि जन्मनोंदीत दुसरी. मी चाचणीच्या दिवशी सकाळी सहा वाजता मैदानावर हजर होतो आणि नऊ वाजता बाहेर बसलो होतो. चूक कोणी केली हे आता उगाळून उपयोग नाही, पण तुम्ही आजच पुतण्याची दोन्ही कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

रणजीप्रेमी_अकोला

वरील सूचना मोलाच्या आहेत. मी सरांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो, म्हणजे त्या सातवीतल्या मुलाच्या प्रश्नाकडे, कारण तो मुलगा नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवून गेला आहे.

पुण्यात न्यूझीलंडचा सँटनर, वानखेडेवर त्यांचाच एजाझ पटेल आणि नंतर दक्षिण आफ्रिकेचा हार्मर या फिरकी गोलंदाजांनी आपल्याच भूमीवर आपली फलंदाजी कापून काढली. माझ्या मते याचे एक मोठे कारण असे की, आपले आघाडीचे फलंदाज वर्षभरात फिरत्या खेळपट्टीवर चार दिवसांचे सामने फारच थोडे खेळतात. रणजीत घासलेला फलंदाज ही उणीव भरून काढू शकतो, आणि म्हणूनच मला विदर्भाच्या वाटचालीत भारतीय संघाची आशा दिसते.

विदर्भाने १९५७-५८ च्या हंगामात रणजी खेळायला सुरुवात केली आणि पहिले विजेतेपद मिळवायला २०१७-१८ चा हंगाम उजाडला. त्या साठ वर्षांत विदर्भाविरुद्धचा सामना म्हणजे हक्काचे गुण, असे मोठे संघ मानत. मग फैज फझलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली इंदूर येथे दिल्लीला हरवले. त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली. पुढच्या वर्षी नागपूरजवळच्या जामठा मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध आदित्य सरवटेने सामन्यात अकरा बळी घेतले आणि करंडक नागपुरातच राहिला. २०२३-२४ मध्ये मुंबईकडून अंतिम सामना हरलो, पण ५३८ धावांचा पाठलाग करताना अक्षय वाडकरने शतक केले. त्या पराभवाचे मला कधीच वाईट वाटले नाही.

२०२४-२५ चा अंतिम सामना मी जामठ्याला प्रत्यक्ष पाहिला. विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती. माझ्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ डबा उघडून तसाच मांडीवर ठेवून बसले होते, एक घासही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. तेथून एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. दानिशने १५३ धावा केल्या. केरळच्या फिरकीला तो ज्या पद्धतीने पुढे येऊन आणि उशिरा, अगदी नाकाखाली खेळत होता, ते पाहून मला वाटले, हा मुलगा एक दिवस पांढऱ्या कपड्यांत भारतासाठी खेळावा. त्याच हंगामात यश राठोडने ९६० धावा केल्या आणि डावखुऱ्या हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी त्याआधी कोणीही घेतले नव्हते.

अश्विन डिसेंबर २०२४ मध्ये निवृत्त झाला. जडेजाने पस्तिशी केव्हाच ओलांडली आहे. पुढची दहा वर्षे मायदेशी सामने जिंकून देणारा फिरकी गोलंदाज शोधावा लागणारच आहे, आणि त्या शोधात हर्षचे नाव नसेल तर तो शोध अपुरा ठरेल. तो भारत 'अ' संघापर्यंत पोहोचला आहे. तुमच्या विद्यार्थ्याला सांगा की, फिरकी खेळता येणारे फलंदाज आणि फिरकी टाकणारे गोलंदाज या देशात आजही तयार होतात, आणि त्यांतले काही त्याच्या गावापासून एसटीच्या अंतरावर सराव करतात.

सातपुडा_पायथा

रणजीप्रेमी भाऊ, आपल्याशी थोडा मतभेद नोंदवतो. विदर्भाच्या यशात बाहेरून आलेल्या खेळाडूंचा वाटा आपण ओझरता सांगितलात. २०१८-१९ मध्ये वासिम जाफरने चाळिशीत १०३७ धावा केल्या, आणि आपण वर्णन केलेल्या भागीदारीत मोठा वाटा करुण नायरचा होता. मग तोच नायर येथील कामगिरीच्या जोरावर भारतीय संघात परतला, इंग्लंडमध्ये चार कसोटी खेळला आणि पुढे कर्नाटकात परत गेला. यात गैर काही नाही, पण खेड्यातल्या मुलाची जागा त्यामुळे अडते का, हा प्रश्न आमच्याकडे मेळघाटाच्या पायथ्याशी विचारला जातो. शिवाय जे स्थानिक म्हणून गणले जातात, त्यांतले बहुतेक नागपूरचे. अकरा जिल्ह्यांचा विदर्भ संघात दिसायला हवा.

रणजीप्रेमी_अकोला

आपली हरकत मी अर्धी मान्य करतो. नागपूरच्या बाहेरची मुले कमी पडतात, हे खरेच आहे, आणि त्याचे कारण जुन्या गोलंदाज भाऊंनी वर लिहिले आहे : लेदर बॉल, मॅटिंग (खेळपट्टीवर अंथरायची काथ्याची चटई) आणि शिकवणारा माणूस तालुक्याच्या गावीही सहज मिळत नाही. परंतु जाफरसारख्या खेळाडूने कोणाची जागा अडवली, असे मला वाटत नाही. ज्याने कसोटीत द्विशतके केली, तो फलंदाज रोज सकाळी नेटमध्ये शेजारी उभा असणे, ही विशीतल्या मुलाला मिळालेली शाळाच होती. अमरावतीचा जितेश शर्मा पाहा. तो विदर्भातूनच वर आला, २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताकडून खेळला, आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून त्याने बंगळुरूला सामना जिंकून दिला.

चिखलीची_आई

सर्वांना नमस्कार. येथे सगळे पुतण्यांविषयी आणि मुलांविषयी बोलत आहेत, म्हणून मी माझ्या मुलीविषयी लिहिते. ती अकरा वर्षांची आहे आणि यष्टिरक्षण करते.

विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाला हरवले, त्या रात्री आम्ही दोघी एकमेकींना मिठी मारून रडलो. अंतिम सामन्यात दीप्ती शर्माने अर्धशतक केले आणि पाच बळीही घेतले. पण माझ्या मुलीची सर्वांत आवडती खेळाडू क्रांती गौड आहे, कारण ती मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा या लहान गावची आहे आणि मुलांबरोबर टेनिस बॉलवर खेळतच पुढे आली. जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये तिने एका एकदिवसीय सामन्यात ५२ धावांत सहा बळी घेतले. माझ्या मुलीने त्या सामन्याचे वर्तमानपत्रातले कात्रण दप्तरात ठेवले आहे. त्याच्या घड्या आता फाटायला आल्या आहेत.

आपल्या भागातूनही मुली गेल्या आहेत, हे येथे कोणीच लिहिले नाही. नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषकाच्या संघात होती. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून इंग्लंडविरुद्ध ट्वेंटी-२० खेळली आणि नंतर महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरातकडून तिने मोठमोठे षटकार मारले.

माझी अडचण वेगळी आहे. आज ती मुलांच्या संघात खेळते आणि मुले तिला मानाने वागवतात. दोन वर्षांनी काय होईल? आताच शेजारच्या काकू विचारतात की, हे किती दिवस चालायचे. गावात मुलींचा संघ नाही, आणि एकटीला रोज तालुक्याला पाठवायला माझे यजमान तयार नाहीत. सर, आपण शिक्षक आहात. शाळेत पाच-सहा मुली जरी एकत्र खेळू लागल्या, तरी कोणी एकटी पडत नाही. आपल्या शाळेत हे करून पाहाल का?

जुना_गोलंदाज (अचलपूर)

ताई, तुमच्या मुलीला मोठ्यांचे ग्लोव्ह्ज वापरू देऊ नका. त्यांत बोटे सैल राहतात आणि चेंडू टोकावर बसला की हाड दुखावते. लहान मापाचे इनर (आतले पातळ हातमोजे) घालून तिच्याच मापाचे ग्लोव्ह्ज घ्या. सोबत टेनिस बॉल पाण्यात भिजवून भिंतीवर मारून पकडण्याचा सराव रोज अर्धा तास करू द्या. ओला चेंडू जड होतो, घसरतो आणि हात मऊ ठेवायला शिकवतो.

काळी_माती

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

काल संध्याकाळी मी पुतण्याचा शाळेचा दाखला आणि जन्माचा दाखला ओसरीवर बंधूंसमोर ठेवला. तारखा जुळतात. चेंडू मात्र पूर्ण गुलाबी दिसतो. चोवीस चेंडूंपैकी केवळ तिघांत लाल आणि पांढरा भाग वेगळा दिसला, आणि त्या तिघांतला एक टप्पा पडल्यावर इतका आत आला की, यष्टींच्या मागे उभा असलेला मी दचकलो. बंधूंनी तो चेंडू हातात घेऊन बराच वेळ शिवणीवरून अंगठा फिरवला. "सहा महिने," एवढेच ते म्हणाले. त्याचे रविवारचे सामने एकावर आणले आहेत. आसपासच्या संघांनी नाराजी दाखवली, ती मी झेलली.

खर्चाचा विचारही केला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता आणि चांगली इंग्लिश विलोची बॅट त्याहून महाग पडते. गोलंदाजाला बॅटपेक्षा चेंडू आणि बूट आधी लागतात, हे त्यातल्या त्यात बरे आहे. बूट संक्रांतीनंतर घेऊ.

चिखलीच्या ताई, आमच्या सातवीत नऊ मुली आहेत. त्यांतल्या चौघींनी सोमवारपासून शाळा सुटल्यावर थांबायची तयारी दाखवली आहे. दोघींच्या घरी जाऊन मी स्वतः बोललो. एकीच्या आजीने मला चहा दिला आणि विचारले की, ही टीव्हीवर दिसेल का. मी त्यांना सांगितले की, आधी ती पळायला लागेल. फिरकीचा प्रश्न विचारणारा मुलगा आता या मुलींना ऑफस्पिन टाकणार आहे. ती फिरकी खेळायची कशी, हे रणजीप्रेमी भाऊंनी लिहिल्याप्रमाणे मी त्यांना दाखवीन : पुढे या, नाहीतर अगदी उशिरा खेळा.

एक शेवटची विचारणा. ई-क्लासच्या मैदानावरची माती आमच्या शेतातल्यासारखीच काळी आहे, उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर लेदर बॉल थेट टाकला, तर उसळी अनियमित होऊन मुलांना लागेल, अशी भीती वाटते. काथ्याचे मॅटिंग टाकायचे झाले, तर खालची जमीन कशी तयार करावी?

जुना_गोलंदाज (अचलपूर)

सर, वरची वीतभर माती खणून भेगाळलेली ढेकळे फोडून घ्या, गवताची मुळे वेचून काढा, हलके पाणी मारा आणि ओल वाफशावर आली की रोलर फिरवा. रोलर नसेल तर पाण्याने भरलेला लोखंडी ड्रम चालतो. त्यावर मुरमाचा पातळ थर देऊन पुन्हा दाबा. मॅटिंग चारी बाजूंनी ताणून लोखंडी खुंट्यांनी ठोका. खुंट्यांची डोकी जमिनीच्या वर राहू देऊ नका, मुले पडतात. खेळ संपला की गुंडाळून शाळेत ठेवा, नाहीतर गुरे खातात. माझ्याकडे वापरलेले एक मॅटिंग आहे, लांबीला पूर्ण बावीस यार्ड नाही, पण टप्पा पडतो तेवढ्या भागाला पुरते. पुढच्या आठवड्यात एका नातेवाइकाकडे दारव्ह्याला येणार आहे, तेव्हा घेऊन येतो.